‘प्रेमच वाटत नाही, मग मी ख्रिस्ती कसला?’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या विश्वासी ख्रिस्ती माणसांच्या तक्रारी वेगवेगळ्या असतात. पण दोन-तीन भेटी झाल्या की आवाज खाली येतो आणि एक वाक्य हमखास निघतं: ‘ताई, खरं सांगू का, मला प्रेमच वाटत नाही.’ खारीगावची सून सासूबद्दल हे म्हणते, ऐरोलीत पीजीमध्ये राहणारी मुलगी रूममेटबद्दल, ठाण्यातली एक सिस्टर पेशंटच्या नातेवाइकांबद्दल. पाठोपाठ बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय येतो. देवावर प्रीती करतो म्हणणारा माणूस भावाचा द्वेष करत असेल तर तो लबाड आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मग ही माणसं स्वतःला लबाड ठरवतात, आणखी जोर लावून प्रार्थना करतात आणि आणखी थकतात.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ नेरुळचे, मूळ नगरकडचे. वय पंचावन्नच्या आसपास. आजोबांपासून घरात ख्रिस्ती विश्वास, चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, म्हणून मान. जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर घर. वरच्या फ्लॅटचं बाथरूम गेली काही वर्षं यांच्या बेडरूममध्ये गळत होतं. छताला पोपडे, कपाटाच्या मागे बुरशी, पावसाळ्यात बादली. सोसायटीत अर्ज झाले. अशी आतली गळती फ्लॅटमालकाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, तेही सेक्रेटरींनी वरच्या शेजाऱ्यांना सांगून झालं. वरचे म्हणायचे, ‘बघू.’ जिन्यात समोरासमोर आले की दोघंही मोबाइल काढायचे.

ते माझ्याकडे आले ते मात्र गळतीसाठी नव्हे.

‘रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना माझे ओठ थांबतात,’ ते म्हणाले. ‘“जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे” या क्षमेच्या ओळीपाशी. बाकी सगळं म्हणतो. तेवढी ओळ इतरांच्या आवाजात निघून जाते. कोणाला कळत नाही.’

मी विचारलं, ‘वरच्यांसाठी प्रार्थना करता?’

‘रोज.’

‘काय मागता?’

‘प्रभू, त्यांना सुबुद्धी दे.’

‘कशासाठी सुबुद्धी?’

‘काम काढावं म्हणून.’

‘म्हणजे तुम्ही तुमच्या छतासाठी प्रार्थना करता. त्यांच्यासाठी अजून केलेली नाही.’

ते बराच वेळ बोलले नाहीत. या शांततेत मी कधी घाई करत नाही. समुपदेशकाच्या कामातला निम्मा भाग मी अशा शांततेत बसून शिकले आहे.

माझा कल इथे सांगून टाकते. भावना आधी आणि कृती नंतर, हा क्रम मला पटत नाही. भावनेला हुकूम देता येत नाही. हातापायांना देता येतो, कानांना देता येतो. येशूने प्रीतीची आज्ञा दिली, आणि आज्ञा जे करता येतं त्याचीच देतात. यावर लोक मला चांगल्या शोमरोन्याचा दाखला काढून दाखवतात, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची येशूने सांगितलेली गोष्ट, की त्याला आधी कळवळा आला होता. आला होता, खरंच. पण लूकच्या दहाव्या अध्यायातला तो भाग सावकाश वाचा. कळवळ्याला एक शब्द मिळालाय. पुढचं सगळं काम आहे: जवळ जाणं, तेल आणि द्राक्षारस ओतणं, जखमा बांधणं, आपल्या जनावरावर बसवणं, उतारशाळेत नेणं, रात्रभर बघणं. दुसऱ्या दिवशी तो दोन दीनार देतो, म्हणजे तेव्हाच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन म्हणून आपल्या वाटेला लागतो. तो त्या जखमी माणसाचा जिवलग मित्र होत नाही. त्याचा प्रवास थांबत नाही. प्रीतीला माप असतं, हे मला याच दाखल्याने शिकवलं, आणि थकलेल्या विश्वासी माणसाला ते ऐकायची फार गरज असते.

म्हणून मी या गृहस्थांना क्षमा करा म्हटलं नाही. तक्रार मागे घ्या असंही म्हटलं नाही. त्यांना वाटत होतं, प्रीती करायची म्हणजे अर्ज फाडून टाकायचा. मी म्हटलं, ‘अर्ज राहू द्या. तो पाण्याबद्दल आहे. आपण माणसाबद्दल बोलू.’ आणि एकच काम दिलं: आठवडाभर वरून जे जे ऐकू येईल ते वेळेसकट वहीत लिहायचं. मत लिहायचं नाही, फक्त आवाज.

पुढच्या भेटीत त्यांनी शाळकरी मुलाच्या नीटसपणाने वही उघडली आणि वाचायला लागले. ‘सोमवार, रात्री दोन, खरखर. पावणेतीन, परत खरखर. मग पाणी. मंगळवार, पहाटे साडेचार, खरखर, मधे थांबून थांबून. सहाला रिक्षा. गुरुवार, सहाला रिक्षा. शनिवार...’

इथे ते थांबले. बोट त्या ओळीवरच होतं.

‘ताई, हा वॉकर आहे.’

मी काही बोलले नाही.

‘माझी आई शेवटी वॉकरवर होती. असाच आवाज यायचा. दोन पावलं, मग थांबायची.’ मग अगदी हळू: ‘आणि आठवड्यातून तीनदा पहाटे रिक्षा. डायलिसिस असणार. त्यांच्या मिसेस किती दिवसांत दिसल्या नाहीत मला. बाथरूम फोडलं तर त्या बाई जाणार कुठे?’

इतकी वर्षं हेच कान वरच्या मजल्याकडे लागलेले होते, पण पुरावा गोळा करण्यासाठी. तेच कान एकदा माणसासाठी लागले आणि आठवड्यात त्यांना वरचं घर ऐकू आलं. मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर त्यांनी वाद घातला असता. हे काम मी नंतर अनेकांना दिलं आहे, आणि ते मला सुचलं याचं मला समाधान आहे.

त्यानंतर त्यांची प्रार्थना बदलली, कारण मागायला काहीतरी ठोस होतं: त्या बाईंची मंगळवारची पहाट, दोन मजल्यांचा जिना, रिक्षा वेळेवर मिळणं. एका मंगळवारी ते सहाच्या आधी खाली जाऊन रिक्षा थांबवून उभे राहिले. वरच्यांनी आभारही मानले नाहीत. दुखावून माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना लिझ्यूच्या तेरेजाची गोष्ट सांगितली. प्रोटेस्टंट घरातल्या माणसाला कॅथलिक संत सांगताना मला संकोच वाटत नाही. चोविसाव्या वर्षी, 1897 मध्ये वारलेली ही मठातली बहीण, म्हणजे नन. तिथली एक बहीण तिला कमालीची नकोशी वाटायची. सगळ्यात प्रिय माणसासाठी जे केलं असतं तेच तिच्यासाठी करायचं, असं तिने ठरवलं. आणि संताप अगदीच अनावर झाला की ती तिथून सरळ पळ काढायची. स्वतःच तसं लिहून ठेवलंय तिने. ‘पळालं तर चालतं?’ त्यांनी विचारलं. चालतं. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलानेही ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितकं’ अशा दोन अटी घालूनच शांतीने राहायला सांगितलंय.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, तर वही आणि प्रार्थनेचा हा मार्ग तिथे लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागी जायचं. महिलांसाठी 181 आहे, तातडीला 112 आहे. मार खात राहणं ही प्रीती नव्हे, आणि तसं सांगणारा चर्चचा पाळक असला तरी तो चुकतो आहे.

बाथरूमचं काम दिवाळीनंतर निघालं. लाद्या फोडणं, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून ठेवून तपासणं, सगळं धरून जवळपास दोन आठवडे. तेवढे दिवस त्या बाई लेकीकडे राहिल्या. त्यांना जिना उतरवताना खुर्चीची एक बाजू आमच्या गृहस्थांनी धरली होती.

‘आता प्रेम वाटतं का?’ मी विचारलं.

‘नाही सांगता येत,’ ते म्हणाले. ‘पण ती ओळ म्हणतो आता. थोडी अडखळत.’

मग चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी नगरच्या धाकट्या भावाचा विषय काढला. जमिनीच्या वाटणीपासून बोलणं बंद आहे, आणि तो इतका लांब की कानावर काही पडण्याची सोय नाही. सध्या आमच्या भेटी त्यावर चालू आहेत.