खपलीखाली चालणाऱ्या पेशी

प्रश्न : ऊसतोडीच्या वेळी कोयता निसटून माझ्या नडगीवरची बोटभर कातडी सोलवटली. नवी कातडी कडेकडून सरकत आली आणि मधला भाग शेवटी भरला. बारावीत शिकणारी माझी पुतणी म्हणते की, पेशी खरोखर चालतात आणि त्यांच्या आतला सांगाडा, म्हणजे सायटोस्केलेटन, त्यांना चालवतो. सांगाडा तर ताठ असतो. तो चालवणार कसा? शिवाय जखम उघडी ठेवून वाळवावी, असे आमच्याकडे सांगतात. ते योग्य आहे का?
– एक शेतकरी वाचक, ता. निपाणी

उत्तर : पुतणीचे म्हणणे बरोबर आहे. बाह्यत्वचेच्या तळच्या थरातील पेशी एरवी खालच्या पटलाला घट्ट खिळलेल्या असतात. जखम झाल्यावर कडेच्या पेशी ही पकड सोडतात, चपट्या होतात आणि साधारण दिवसभरात उघड्या भागाकडे सरकू लागतात. मागच्या पेशी विभाजनाने त्यांची संख्या वाढवतात. जखम उथळ असेल, तर केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशीही या कामात उतरतात.

आपली शंकाही रास्त आहे, कारण हा सांगाडा हाडांसारखा कायमचा नसतो. ॲक्टिन या प्रथिनाचे सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे धागे पेशीच्या पुढच्या कडेला सतत रचले जातात, मागे मोडले जातात, आणि मोडलेले सुटे रेणू पुन्हा पुढच्या बांधणीत वापरले जातात. एआरपी २/३ हा प्रथिनसमूह जुन्या धाग्याला सुमारे ७० अंशांच्या कोनात नवा फाटा फोडतो. अशा दाट जाळीची वाढती टोके पेशीचे पातळ आवरण पुढे रेटतात. मात्र खाली पकड नसेल, तर आवरण पुढे जाण्याऐवजी जाळीच मागे घसरते. ती पकड आवरणातील इंटेग्रिन प्रथिने देतात, आणि मागची बाजू मायोसिन हे ॲक्टिनचे धागे ओढणारे प्रथिन आवळून घेते. आपला स्नायू आकसतो तोही ॲक्टिन-मायोसिनच्या याच जोडीमुळे.

माशाच्या खवल्यावरच्या त्वचापेशी तर काचेवरही मिनिटाला १० मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने सरकतात. माणसाच्या त्वचापेशी पुष्कळच संथ. माशाच्या अशा पेशीचा केंद्रक नसलेला, सूक्ष्मनलिकाही (सांगाड्यातले दुसऱ्या प्रकारचे, नळीसारखे धागे) नसलेला तुकडा आपली दिशा धरून चालत राहतो, असे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. चालण्याची यंत्रणा पुढच्या पातळ पापुद्र्यातच किती भरलेली आहे, याचा मला तरी याहून बोलका पुरावा ठाऊक नाही.

जखम वाळवण्याचा सल्ला मात्र सोडून द्यावा. डुकरांच्या उथळ जखमा प्लास्टिकच्या पातळ पटलाखाली ओलसर ठेवल्यास नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने पसरते, हे जॉर्ज विंटर या संशोधकांनी १९६२ मध्येच दाखवले. कोरड्या खपलीखाली पेशींना ओलावा गाठण्यासाठी खोल उतरावे लागते आणि वाटेतले कोलॅजेन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, विकरांनी (एन्झाइमांनी) तोडत जावे लागते. म्हणून जखम स्वच्छ पाण्याने धुऊन झाकावी, तिच्यावर तंबाखूची भुकटी दाबू नये, आणि कोयता मातीने माखलेला असेल, तर धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. खपली धरली असल्यास ओढून काढू नये. तिच्याबरोबर खाली सरकत आलेली पेशींची कोवळी कडही उचकटली जाते.