‘डेरिंग’ची भावकी

ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या ठाणेकर वाचकाने विचारलंय: अप्रेझलमध्ये साहेबांनी ‘ऑडेशियस’ असा शेरा मारलाय, तो शाबासकी समजायचा की ताशेरा? आणि ‘चीक’, ‘नर्व्ह’, ‘गॉल’ म्हणजे शेवटी ‘बोल्ड’च ना?

नाही. आणि त्या ‘बोल्ड’ला जरा विश्रांती द्या हो! नटीने बिनबाह्यांचा ब्लाउज घातला की बातमीत ‘बोल्ड अवतार’. धिटाईचा आणि कापडाच्या मापाचा संबंध काय?

चीक म्हणजे गाल, नर्व्ह म्हणजे मज्जातंतू, गॉल म्हणजे पित्त. तिघांनाही उद्धटपणाचा अर्थ एकोणिसाव्या शतकात चिकटला. कोशात सापडेल, पुढे चला. ‘एफ्रंटरी’पाशी, म्हणजे निलाजऱ्या उद्धटपणापाशी, मात्र क्षणभर थांबा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘कपाळ नसलेला’, म्हणजे लाजायला कपाळच नाही असा! आपला ‘तोंड वर करून बोलणारा’ त्याच्याच शेजारी राहतो.

पण खरी गंमत आहे ‘डेअर’मध्ये. तीन हात नाक्यावर उलट्या बाजूने रिक्षा घालून वर आपल्यालाच डोळे वटारणारा बघून आपण म्हणतो, “काय डेरिंग आहे बघ!” शुद्धिवाद्यांना ‘डेरिंग’ ऐकून कापरं भरतं. भरू द्या. ‘डेअर’ आणि आपला ‘धीट’ एकाच घरातले आहेत. संस्कृत धृष् म्हणजे धजणे. त्यावरून धृष्ट, धृष्टचा प्राकृतात धिट्ठ, आणि मराठीत धीट. संस्कृत ‘ध’च्या जागी इंग्रजीत ‘ड’ येतो: मध्य-मिड, विधवा-विडो. ‘डेअर’चं जुनं भूतकाळी रूप शेक्सपिअरकडे भेटतं, ‘डर्स्ट’. आता ‘धृष्ट’ आणि ‘डर्स्ट’ एकापाठोपाठ म्हणून बघा. मात्र यावरून ‘इंग्रजी संस्कृतातून निघाली’ अशी आरोळी ठोकणाऱ्या मंडळींनी कृपया खाली बसावं. ही चुलत भावंडं आहेत, मायलेकरं नव्हेत. हा फरक शंभरदा सांगूनही पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर तेच फिरवायचं, यालाच मी एफ्रंटरी म्हणतो.

‘डेरिंग’ स्त्रीलिंगी का, यावर माझं एक मत आहे. हिंमत, छाती, जिगर, धमक, धिटाई या सगळ्या बायका. त्यांच्या पंगतीत ‘डेरिंग’ला दुसरं लिंग मिळणारच नव्हतं. एक भाषातज्ज्ञ मला सुनावतात की ‘मीटिंग झाली’सारखं ‘डेरिंग केली’, ‘इंग’ आलं की स्त्रीलिंग. मग साहेब, पार्किंग ‘मिळालं’ आणि शूटिंग ‘संपलं’ त्याचं काय? लिंग शेपटीवरून ठरत नाही, अर्थाच्या सोबतीवरून ठरतं. निदान इथे तरी.

आणि एकाच धातूच्या दोन लेकरांची वागणूक बघा. काव्यशास्त्रातला ‘धृष्ट’ नायक अपराध करून निःशंक, झापलं तरी निलाजरा, पकडला गेला तरी खोटं बोलणारा. त्याच धातूच्या ‘धार्ष्ट्य’वरून आलेलं ‘धारिष्ट’ मात्र रामदास मनाच्या श्लोकांत ‘श्रेष्ठ’ हे विशेषण लावून जिवी धरायला सांगतात. धिटाई तीच, कोणी केली आणि कोणापुढे केली, त्यावर भाव ठरतो. ‘धीट पोरगी’ हे मावशीच्या तोंडी कौतुक असतं आणि भावी सासूच्या तोंडी नकार.

हां, तुमचे साहेब राहिलेच. ‘ऑडेशियस’ही लॅटिनमधल्या ‘धजणे’वरूनच आलाय, पण त्याचा ‘डेअर’शी काही संबंध नाही. एखाद्या योजनेला किंवा उद्दिष्टाला लावला असेल तर बहुधा शाबासकी. ‘हॅड द ऑडॅसिटी टू’ असं काही लिहिलं असेल तर तुम्ही मीटिंगमध्ये साहेबांना मध्येच तोडलं होतंत, ते आठवा. पूर्ण वाक्य पाठवलं असतंत तर चार ओळींत उत्तर झालं असतं.