चार माणसांच्या घराला सेप्टिक टाकी केवढी?

प्रश्न : देवगडजवळ नवं घर बांधतोय. कायम राहणारी माणसं 4, पण गणपती-शिमग्याला चाकरमानी आले की 16. गवंडी म्हणतो, संडासासाठी जांभ्या चिऱ्याचा मोठा खड्डा खणू, तळ मोकळा ठेवू, कधी उपसावाच लागणार नाही. विहीर परसातच आहे. काय करावं?

उत्तर : मोकळा तळ अजिबात नको. इथल्या जांभ्या खडकात भेगा नि पोकळ्या असतात. त्यातून मैल्याचं पाणी न गाळताच विहिरीत उतरतं. पावसात भूजल वर आलं की तेच पाणी खड्ड्यात शिरतं आणि संडास तुंबतो. खड्डा ‘भरत नाही’ याचा अर्थ घाण दुसरीकडे जातेय.

मापासाठी 4 आणि 16 च्या मधली 10 माणसं धरा. सेप्टिक टाकीसाठीच्या भारतीय मानक 2470 प्रमाणे 10 जणांसाठी, दर दोन वर्षांनी उपसायच्या टाकीचं आतलं माप लांबी 2 मीटर, रुंदी 90 सेंटिमीटर, पाण्याची खोली 1.4 मीटर. वर 30 सेंटिमीटर मोकळी जागा. म्हणजे सुमारे 2,500 लिटर. माणशी रोज 35 लिटर फ्लशचं पाणी धरलं तर 16 जणांचं 560 लिटर होतं. खाली थोडा गाळ असला तरी पाणी दोनेक दिवस सहज थांबतं, आणि मैला बसायला किमान 24 तास तरी हवेतच.

हा हिशेब फक्त संडासाचा. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी याच टाकीत सोडलंत तर हे माप पुरणार नाही. ते माड-केळींना द्या. पागोळ्यांचं पाणी तर चुकूनही नको, एका जोराच्या सरीत सगळा गाळ ढवळून शोषखड्ड्यात (टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात) जातो आणि तो कायमचा बुजतो.

टाकी 2,000 लिटरपेक्षा मोठी असली की आत आडवी भिंत घालून दोन कप्पे करा, पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. भिंतीतलं भोक मधल्या उंचीवर, म्हणजे वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही पलीकडे जात नाहीत. येणारा-जाणारा पाइप ‘टी’ जोडून पाण्यात बुडवा. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा 5 सेंटिमीटर खाली. चिरा पाणी शोषतो, म्हणून आतून वॉटरप्रूफिंग घालून सिमेंटचा गिलावा हवाच. स्लॅब टाकण्याआधी टाकी काठोकाठ भरा, चिरा भिजू द्या, मग पातळीवर खूण करून 24 तास बघा. पातळी उतरली तर गिलावा पुन्हा. इथे गवंड्याची घाई चालवून घेऊ नका.

शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर, उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यात मी 30 मीटरच सांगेन. परसात तेवढी जागा नसेल तर शोषखड्डा खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, बाजूला न्या.

प्रश्न : तयार प्लास्टिकची टाकी बसवली आहे. पावसाआधी उपसून घेतली तर बरं ना?

उत्तर : दिवाळीनंतर उपसा आणि लगेच पाण्याने भरा. पावसात रिकामी टाकी भूजलावर तरंगते, पाइप उखडतात. तळाचा थोडा गाळ राहू द्या, त्यातले जिवाणू हवेत. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घाला. काळा पट्टा खोलीच्या तिसऱ्या भागापर्यंत आला की टँकर बोलवा. माणसाला आत उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात जीव जातो, आणि हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने माणूस उतरवणं हा गुन्हा आहे.