ब्रुनोची किमो, एफडी आणि ते "वर्षभर"

ताई, मेल दोनदा वाचला. नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, गळ्याखाली गाठी लागल्या, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला, डॉक्टरांनी किमोचा १,६०,००० चा अंदाज दिलाय आणि "साधारण वर्षभर मिळेल" म्हणालेत. तुमच्याकडे ३ लाखांची एकच एफडी, १५,००० ची एसआयपी, घराचा हप्ता चालू, मिस्टर म्हणतात एवढे पैसे कुत्र्यावर नको आणि सासूबाई म्हणतात माझ्या पाटल्या ठेवा पण ब्रुनोला वाचवा (त्यांना माझा नमस्कार सांगा, अशी सासू अख्ख्या कोथरूडात सापडायची नाही). तर एफडी मोडू का, असं विचारलंय.

आधी त्या "वर्षभर"चं बघू, कारण सगळा हिशोब त्याच्यावरच बसलाय. तो आकडा मीडियन आहे, म्हणजे अशी शंभर कुत्री घेतली तर निम्मी त्याच्या आत जातात आणि वीसेक दोन वर्षंही काढतात, ब्रुनो कुठल्या बाजूला ते आज कुणीच सांगू शकत नाही. त्यात लिम्फोमाचे मुख्य प्रकार दोन, बी सेल आणि टी सेल, आणि हे वर्ष बी सेलचं, तेही चॉप नावाची चार औषधांची किमो पूर्ण झाली तर. टी सेल असेल तर सहा ते नऊ महिने धरा, आणि रक्तात कॅल्शियम वाढलेलं असेल किंवा कुत्रं खाणंपिणं सोडून बसलं असेल तर अजून कमी. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमधे बी की टी काहीच लिहिलेलं नाही! अहो, जमिनीचा सात-बारा न बघता टोकन द्यायला निघालात की.

म्हणून पहिला खर्च टेस्टचा. बायॉप्सीवर बी-टी कळणारी टेस्ट आणि रक्तातलं कॅल्शियम, हे दोन डॉक्टरांकडे स्पष्ट मागा. ब्रुनो अजून तळजाईच्या टेकडीवर चेंडूमागे पळतो म्हणालात, ती मात्र खरंच चांगली खूण आहे. आणि शेजारच्या काकांनी सुचवलेलं स्टेरॉइड "तोवर सुरू करू" म्हणून परस्पर देऊ नका, त्याने गाठी पटकन बसतात पण पुढे किमो नीट लागू न पडण्याची शक्यता वाढते, टेस्टचा निकालही बिघडू शकतो.

आता रुपयात. काहीच नाही केलं तर साधारण महिना-दीड महिना. बी सेलला वर्ष धरलं तर जास्तीचे साडेदहा महिने, म्हणजे महिन्याला सव्वापंधरा हजार पडतात. टी सेलला सात महिने धरले तर जास्तीचे साडेपाच, म्हणजे महिन्याला २९,०००. हे कोरडं वाटेल, पण मिस्टरांशी "करायचं की नाही" असं भांडण्यापेक्षा हे दोन आकडे समोर ठेवून बोला. माझं मत विचाराल तर बी सेल असेल तर करा, टी सेल आणि वर कॅल्शियमही वाढलेलं असेल तर मी तरी फक्त त्याला त्रास होऊ नये एवढंच बघेन.

करायचं ठरलं तरी १,६०,००० एकदम भरू नका, पॅकेज देत असले तरी. किमो चार-साडेचार महिने चालते आणि ज्या कुत्र्यांना लागू पडायची असते त्यांच्यात ते बहुतेक पहिल्या महिन्यातच दिसतं. तेव्हा महिन्याचे पैसे द्या, महिन्याने गाठी तपासा, गेल्या नसतील तर थांबायचं. हे आजच दोघांनी बसून ठरवा, त्या दिवशी ब्रुनोच्या तोंडाकडे बघत ठरवायला जाल तर ठरणार नाही.

पैसा कुठून? एफडी मोडू नका, तीच तुमची अडीनडीची पुंजी. पाच महिने एसआयपी पॉज करा, ७५,००० झाले. उरलेल्या ८५,००० साठी एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून लागेल तेवढंच उचलायचं कर्ज) घ्या, एफडीच्या दराच्या वर टक्का-दोन टक्के व्याज आणि तेही वापराल तेवढ्यावरच, मग पुढचे सहा महिने एसआयपीचेच पैसे तिकडे वळवले की फिटलं. पाटल्या कपाटात राहू दे. क्रेडिट कार्ड तर नकोच, मी माझ्या कुत्रीच्या ऑपरेशनला कार्ड फिरवलं होतं, वर्षाला चाळीसेक टक्के व्याज, ती गेल्यावर सात महिने तेच फेडत बसलो होतो.

आजार उलटला तर दुसऱ्या फेरीची किमो सांगतील. तिचा फायदा सहसा पहिल्यापेक्षा कमी दिवस टिकतो, त्यासाठी कर्ज अजिबात नाही, हातात शिल्लक असेल तरच.

आणि पेट इन्शुरन्सचं विचारलंत, आता निदान झाल्यावर घेतलात तर या आजाराचा क्लेम मिळणार नाही. आयकरात आरोग्य विम्याची जी वजावट मिळते (८०डी म्हणतात ती), तिच्यातही हा खर्च बसत नाही, तिथे नवरा-बायको, मुलं, आईवडील एवढेच, त्यामुळे ब्रुनोला "डिपेंडंट" दाखवू का हे सीएला विचारू नका, तो हसेल.