केळीच्या काट्याच्या बिलासाठी पायथनमध्ये २.६७५ क्विंटल दोन दशांशांपर्यंत राउंड केलं तर २.६८ ऐवजी २.६७ का येतं?

भाऊ, पायथन चुकत नाहीये, २.६७५ हा आकडा फ्लोटमध्ये (दशांश आकडे साठवायचा नेहमीचा प्रकार) जसाच्या तसा बसतच नाही म्हणून २.६७ येतं. फ्लोट बायनरीत, म्हणजे ०-१ च्या रूपात साठवला जातो (आयईईई ७५४ स्टँडर्ड, १९८५ चं, जवळपास सगळ्या प्रोग्रॅमिंग भाषांत तेच), आणि तिथे २.६७५ च्या सगळ्यात जवळ जे मिळतं ते २.६७४९९९९९९९९९९९९८२ असं काहीतरी, म्हणजे २.६७ आणि २.६८ च्या बरोब्बर मध्याच्या खालीच, मग राउंड खालीच जाणार. डेसिमल मॉड्यूल (अचूक दशांश हिशोबासाठी पायथनसोबतच येतं) घेऊन त्यात कोट (अवतरणचिन्हं) न लावता २.६७५ टाका आणि प्रिंट करा, अख्खा आकडा समोर दिसेल.

फक्त २.५ चं राउंड २ येतं त्याचं कारण हे नाही, २.५ बायनरीत अचूक बसतो, तिथे पायथन ३ बरोब्बर अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं (३.५ चे ४ होतात), जावास्क्रिप्टमध्ये मात्र २.५ चे ३ च येतात.

केळीच्या काट्याच्या बिलात फ्लोट वापरूच नका, रावेर-सावद्याकडे शेतकरी किलो-किलोचा हिशोब विचारतो आणि तो विचारणारच, त्याच्या घामाचा पैसा आहे. दोन सरळ उपाय:

- वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशात, पूर्णांक ठेवा
- नाहीतर डेसिमल वापरा, पण आकडा कोटमध्ये स्ट्रिंग म्हणून द्या आणि राउंड_हाफ_अप (अर्धा आला की वर) स्वतः सांगा, कारण डेसिमलचं डिफॉल्ट पण सम संख्येकडेच जातं