भाऊ तारखेला जात नाही, जामीनदार मी

प्रश्न: 2024 च्या दिवाळीनंतर भावकीतल्या मारामारीवरून माझ्या धाकट्या भावावर गुन्हा दाखल झाला. समोरच्याला कुऱ्हाड लागली, भारतीय न्याय संहितेचं कलम 118(2), म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत, लावलं. जामिनासाठी मी माझा सातबारा दिला. आरोप निश्चित झाल्यावर तो दोन तारखांना गेला आणि मग निघून गेला. आता त्याचं अजामीनपात्र वॉरंट निघालंय, मला कोर्टाची नोटीस आली आहे. कोणी म्हणतं, आरोपी नसेल तर केस चालतच नाही. कोणी म्हणतं, एकतर्फी निकाल लागेल. तो मधूनमधून वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करतो. मी काय करू?

उत्तर: ताई, केस चालतच नाही हे पूर्वी बरंचसं खरं होतं. आरोपी फरार असला तर साक्षी नोंदवून ठेवता यायच्या, पण त्याचा निकाल तो सापडेपर्यंत अडकून राहायचा. 1 जुलै 2024 ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम 356 ने फरार घोषित केलेल्या आरोपीचा खटला त्याच्या माघारी चालवून निकाल देण्याची वाट उघडली. ज्या गुन्ह्यांना दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा आहे, त्यांत आरोपीला असं घोषित करता येतं. 118(2) ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गावाच्या लेखी ही मारामारीची केस असेल, कायद्याच्या लेखी ती गंभीर आहे.

पण याला दिवाणी दाव्यासारखा एकतर्फी निकालही समजू नका. गैरहजेरी म्हणजे कबुली नव्हे. गुन्हा सरकार पक्षाला शाबीत करावाच लागतो. माघारी खटला सुरू होण्याआधी किमान तीस दिवसांच्या अंतराने दोन वॉरंटं निघतात, वर्तमानपत्रात नोटीस येते, घरावर आणि पोलीस ठाण्यात ती लावली जाते, नातेवाइकांना कळवलं जातं. आरोप निश्चित झाल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय असा खटला सुरू होत नाही. त्याचा वकील नसेल तर सरकारी खर्चाने दिला जातो.

माझा जीव अडकतो तो इथेच. घाव कोणी घातला, त्या वेळी तुमचा भाऊ कुठे उभा होता, फिर्यादीशी जुनं वैर कशावरून आहे, हे त्या वकिलाला कोण सांगणार? उलटतपासणी अशा बारीकसारीक माहितीवर उभी राहते आणि ती माहिती फक्त तुमच्या भावाकडे आहे. मध्येच तो हजर झाला तर माघारी झालेला पुरावा तपासायची परवानगी कोर्ट देऊ शकतं, पण ते कोर्टाच्या मर्जीवर. शिक्षा झाली तर अपिलासाठी त्याला स्वतः अपील कोर्टापुढे हजर व्हावं लागेल, तेही निकालापासून तीन वर्षांच्या आत.

शिवाय पळण्याचा गुन्हा वेगळा. जामिनावर असताना सबळ कारणाशिवाय हजर न राहिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फरार घोषित झाल्यावर तीच कैद सात वर्षांपर्यंत जाते. मूळ केसमधून निर्दोष सुटण्याची आशा असलेला माणूस इथे अडकतो, हे फार वाईट वाटतं.

म्हणून पुढच्या फोनला त्याला एवढंच सांगा: वकिलाला भेट आणि आपणहून कोर्टात हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दे. आजारपण किंवा दुसरं खरं कारण असेल तर कागद जोडा. कोर्ट त्याला आत टाकू शकतं, हे लपवू नका. तरीही पोलिसांनी पकडून आणलेल्यापेक्षा स्वतः आलेल्याकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहतं. पुढे एखाद्या तारखेला खरंच येणं शक्य नसेल, तर त्याच दिवशी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज देता येतो. एवढा साधा मार्ग असताना माणसं घर सोडून पळतात.

त्याला घरात लपवू नका, पैसेही पाठवू नका. फरार माणसाला आसरा देणं हा गुन्हा आहे. त्यातून सूट फक्त नवरा-बायकोला आहे, बहिणीला नाही.

आता तुमचं. नोटीस म्हणजे लगेच जमिनीचा लिलाव नव्हे. जामीनपत्रात लिहिलेली रक्कम तुमच्याकडून का वसूल करू नये, एवढंच त्यात विचारलेलं असतं. त्याला हजर करण्यासाठी काय काय प्रयत्न केले ते लेखी द्या, मुदत मागा. कोर्ट कारणं नोंदवून काही रक्कम माफ करू शकतं. जामीनदारकीतून मोकळं करा, असा अर्जही देता येतो. नोटिशीवरच्या तारखेला मात्र वकिलाला घेऊन तुम्ही स्वतः हजर राहा.