स्थळप्रत

चि. मुली,

परवा तू तहसील कार्यालयातून आलीस तेव्हा पिशवीत दिव्यांग भावाच्या अनुदानाची सगळी कागदपत्रे होती आणि तोंडी एकच वाक्य होते : "बाई, तिथले म्हणाले, आमचे बसत नाही." कोण म्हणाले, कोणत्या नियमाने म्हणाले, कोणत्या तारखेला म्हणाले, यांतले काहीही तुला सांगता आले नाही. मी तुझ्यावर चिडले आणि तू गेल्यावर मला त्याचे वाईट वाटले, कारण त्या रागाचे खरे कारण तू नव्हतीस. तो राग फार जुना आहे, आणि तो तुला समजावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी तुझा गोंधळ दूर करते. ऐंशी टक्के दिव्यांगत्वाची जी अट तुझ्या कानावर आली ती खोटी नाही, पण ती केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजनेची आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातील व्यक्तीला त्यात केंद्राकडून महिना ३०० रुपये मिळतात. तुला अर्ज करायचा आहे तो राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी, आणि तिथे दिव्यांगत्व ४० टक्के असले तरी चालते. तुझ्या भावाच्या पिवळ्या दिव्यांग ओळखपत्रावर (रेशनकार्डावर नव्हे) ६५ टक्के लिहिलेले आहे. दिव्यांग लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि पोळ्या लाटून तुझी आई जे मिळवते ते त्याच्या आतच भरते. (महिन्याला चार हजारांच्या वर मिळवणारे घर निराधार नाही, हे कोणी ठरवले असेल, याचे मला अजून नवल वाटते, पण तो वाद वेगळा आहे.) दोन हजार रुपये घेऊन वार्षिक उत्पन्न एकवीस हजार असल्याचा खोटा दाखला काढून देणाऱ्या त्या माणसाकडे फिरकू नकोस. खरे उत्पन्न मर्यादेत बसत असताना खोटा कागद जोडलास, तर उद्या कोणीही तक्रार करून अनुदान बंद पाडेल. अनुदानाची रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २,५०० रुपये झाली आहे. तुझ्या घरात त्याने भावाचे औषध आणि त्याला दवाखान्यात नेण्याचे रिक्षाभाडे सुटेल.

आता माझे सांगते. माझ्या धाकट्या भावाचे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले होते. तो गावी आईजवळ राहत असे आणि मी शंभर किलोमीटरवर नोकरीला होते. १९९६ साली एक दिवसाची रजा काढून मी त्याच्या अनुदानाचा अर्ज घेऊन गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी कागद हातात न घेताच सांगितले की सध्या यादी भरली आहे, पुढच्या वर्षी या. मी मान हलवली आणि एसटी पकडून परत आले. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती, घरात दोन मुले लहान होती, पुन्हा रजा मिळणे कठीण होते. ही सगळी कारणे खरी आहेत आणि मी ती आजही स्वतःला ऐकवत असते. पुढे एकदा पत्र लिहिले, त्याचे उत्तर आले नाही, आणि त्या पत्राची प्रतही मी ठेवली नव्हती. सात वर्षांनी, २००३ मध्ये, अर्ज अखेर मंजूर झाला तेव्हा मी मागच्या काळाचे काय असे विचारले. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "आपण पूर्वी आला होतात याचा काही कागद आहे का?" माझ्याजवळ काहीही नव्हते. सरकारदरबारी मी १९९६ साली तिथे गेलेच नव्हते.

म्हणून तुला पुन्हा पुन्हा सांगते : तोंडी नकार घेऊन परत येऊ नकोस. अर्जाच्या दोन प्रती कर. एक दे आणि दुसऱ्या प्रतीवर, म्हणजे तुझ्या स्थळप्रतीवर, शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घे. 'साहेब नाहीत' म्हणाले तर आवक-जावकच्या टेबलावर दे. तिथेही घेत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती स्थळप्रतीला टाच. अर्जाचे काय झाले हे कळत नसेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज कर, त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. नकार आला तरी हरकत नाही, पण तो कारणासह लेखी यावा. लेखी नकारावर अपील करता येते, मान हलवून परत आलेल्या माणसाला काहीच करता येत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रालाही हेच लागू आहे. टक्केवारी चुकीची लागली असे वाटले तर २०१६ च्या कायद्यात त्याविरुद्ध अपिलाची सोय आहे, पण हातात कागद नसेल तर अपील कशाविरुद्ध करणार?

माझी बहीण म्हणते की भावाच्या शेवटच्या वर्षांत मी त्याला हयातीच्या दाखल्यासाठी आणि प्रमाणपत्रासाठी उगाच फरफटवले, आणि प्रत्येक कागदावर शिक्का मागून लोकांना दुखावले. लोक दुखावले हे खरे आहे. एका कारकुनाने मला भांडखोर म्हटले, तेही मी ऐकून घेतले. पण २००३ पासून तो जाईपर्यंत त्याचे अनुदान दोनदा अडकले आणि दोन्ही वेळा त्या शिक्क्यांच्या जोरावरच सुटले. त्याच्या हातात त्याचे स्वतःचे पैसे येत होते. आईकडे हात न पसरता तो दाढीचे सामान आणि वर्तमानपत्र घेत असे. बहिणीला हे दिसत नाही, आणि मी तिला समजावणे सोडून दिले आहे.

सोमवारी जाण्याआधी भावाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री करून घे, कारण पैसे थेट खात्यात येतात. राज्यात १५ वर्षे राहिल्याचा रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि दिव्यांग ओळखपत्राची प्रत जोड. आणि शनिवारी संध्याकाळी अर्जाचा मसुदा घेऊन माझ्याकडे ये, मी वाचून देईन. भावालाही बरोबर आण. अर्ज त्याचा आहे, तो त्याला वाचून दाखवल्याशिवाय त्याची सही घ्यायची नाही.

तुझी,
बाई